सात मिनिटांत सतरा गडी! खो-खोचं आक्रमण इतकं सुसाट कसं झालं?

५४-३६ आणि ७८-४०. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यातल्या दोन अंतिम सामन्यांचे हे निकाल. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्हीकडे समोर नेपाळ होता. पण शाळेत खो-खो खेळलेल्या माणसाला हे आकडे बास्केटबॉलचे वाटतील. आपल्याला सवय आहे ती ‘एक गुण आणि चार मिनिटे राखून विजय’ असल्या बातमीची.

गुण वाढले, कारण आता एका गड्याला दोन गुण मिळतात. हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. महिलांच्या अंतिम सामन्यात पहिल्या सात मिनिटांनंतर फलक होता ३४-०. सगळे गडी दोन-दोन गुणांचे धरले, तर सात मिनिटांत सतरा गडी. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा: ४२० सेकंद भागिले १७. साधारण पंचवीस सेकंदाला एक गडी! पुरुषांनी पहिल्या सात मिनिटांत २६ गुण घेतले, म्हणजे तेरा गडी, बत्तीस सेकंदाला एक.

आता जुन्या पद्धतीचा नऊ मिनिटांचा डाव आठवा. दोन तुल्यबळ संघ असतील, तर डावात आठ-दहा गडी बाद होणं हे आपल्याकडे चांगलं आक्रमण समजलं जातं. म्हणजे मिनिटाला जेमतेम एक. नेपाळचा अनुभव कमी होता, हे मान्य. तुलना अगदी सरळ नाही, हेही मान्य. तरीही आक्रमणाचा वेग बदललाय, हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. तो का बदलला, हे समजून घ्यायचं असेल तर आधी एक विचित्र गोष्ट मान्य करावी लागेल: खो-खोत वेग पायांतून कमी आणि सोपेपणातून जास्त येतो.

मागे वळायचं नाही, हीच गंमत

खेळ माहीत आहे, तरी उजळणी करू. मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. मधोमध पाटी, दोन्ही टोकांना खांब. पारंपरिक खेळात पाटीवर आठ आक्रमक बसतात, एक आड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. नववा धावतो. समोर तीन संरक्षकांची तुकडी. संरक्षकांना कुठूनही कुठेही जायची मुभा. आक्रमकाला मात्र तीन बंधनं: मधली पाटी ओलांडायची नाही, एकदा दिशा घेतली की मागे फिरायचं नाही, आणि बाजू बदलायची असेल तर खांबाला वळसा घालायचा.

या बंधनांत एकट्याचा वेग किती कामाचा? ढोबळ हिशेब करू. आक्रमक मैदानाच्या मध्यावर आहे. त्याच्यापुढचा गडी दोन बसलेल्या खेळाडूंच्या फटीतून पलीकडे निसटला. आक्रमकाला पलीकडे जायचं तर खांब गाठायला हवा, म्हणजे साधारण बारा मीटर. सेकंदाला सहा मीटर या वेगाने दोन सेकंद. तेवढ्यात गडी आणखी बारा मीटर लांब, आणि बहुतेक उलट्या दिशेला. उसेन बोल्टला आणून उभं केलं तरी तो इथे हरेल.

पण ज्याची पाठ आपल्याकडे आहे, म्हणजे ज्याचं तोंड पलीकडे आहे, त्याला मागून थाप मारून ‘खो’ म्हटलं तर? पाठलाग क्षणात पलीकडे पोहोचतो. माणूस पोहोचत नाही, पाठलाग पोहोचतो. खो-खो हा धावण्याचा खेळ आहे असं आपण म्हणतो. माझ्या मते तो निरोप पोहोचवण्याचा खेळ आहे. आणि निरोप जितका लहान, तितका लवकर पोहोचतो. आपल्या खेळातला निरोप एका अक्षराचा आहे.

इथे थोडं विज्ञान, इंजिनीअरिंगची सवय जात नाही म्हणून. आवाज ऐकून माणूस हालचाल करतो त्याला सेकंदाच्या पाचव्या भागाइतका किंवा थोडा कमी वेळ लागतो, पण अट एकच: काय करायचं ते आधीच ठरलेलं असलं पाहिजे. समोर पर्याय ठेवले, की हा वेळ वाढत जातो. १९५२ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी हे प्रयोगाने मांडलं, त्याला हिकचा नियम म्हणतात. मोबाइल ॲपमध्ये बटणं कमी ठेवा, असं डिझाइनवाले सांगतात, तेव्हा बऱ्याचदा याच नियमाचा दाखला देतात.

पाटीवर बसलेल्या खेळाडूकडे पाहा. खो मिळाला की उठायचं का? हो. कुठल्या बाजूला? ज्या बाजूला तोंड आहे त्याच. दोन्ही प्रश्न नियमाने आधीच सोडवलेले. उरतो तो एकच निर्णय: डावीकडे की उजवीकडे. चांगले संघ तोही जवळजवळ संपवून टाकतात. गडी कुठे आहे, हे बसलेला खेळाडू आधीपासून पाहत असतो, आणि खो येण्यापूर्वी त्याच्या पायाचा चवडा त्या दिशेला रोवलेला असतो. तो उठल्यावर विचार करत नाही, कारण विचार बसल्या बसल्याच झालेला असतो.

साखळीला उत्तर साखळीने नाही

संरक्षकांकडे युक्त्या पुष्कळ आहेत. एकेरी साखळी म्हणजे प्रत्येक बसलेल्या खेळाडूमागून नागमोडी निघत जाणं. दुहेरी साखळीत दोन-दोन खेळाडू सोडून वळायचं. गोल खेळात मैदानाच्या एकाच भागात फेर धरून आक्रमकाला दमवायचं. हे शिकायला वर्षं जातात. महाराष्ट्राचा खो-खो वर्षानुवर्षं या पळतीच्या कलेवर पोसला गेला. पुण्या-मुंबईत, सांगली-सोलापुरात प्रेक्षक टाळ्या वाजवायचे त्या गडी टिपणाऱ्याला कमी आणि पंचांच्या घड्याळात तीन मिनिटं काढणाऱ्याला जास्त.

या कलेला प्रत्येक चालीगणिक वेगळं उत्तर शोधणारं आक्रमण दिसायला हुशार असतं, पण ते मंद असतं. कारण आधी ओळखावं लागतं की समोरचा एकेरी साखळी खेळतोय की दुहेरी. तोवर दोन खो वाया जातात.

सुसाट आक्रमण उलट करतं. ते चाल ओळखायच्या भानगडीतच पडत नाही. त्याचं एकच काम: गड्याला खांबाकडे ढकलत न्यायचं. खांबाजवळ दोन गोष्टी घडतात. आक्रमकाला तिथे बाजू बदलता येते, म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं बंधन सुटतं. आणि गड्याला मागे फिरायला जागा उरत नाही. म्हणून खांबालगतच्या चौकोनांत सहसा लांब हाताचे, सूर मारणारे खेळाडू बसवतात. मधल्या चौकोनांतल्यांनी गडी टिपायचा मोह धरायचा नाही, दोन पावलं टाकायची, खो द्यायचा, जागा घ्यायची. मधल्या माणसाने हिरोगिरी केली की साखळी तुटते. मैदानात ‘खो दे, खो दे!’ असा ओरडा ऐकू येतो, तो नेमका या वेळी.

अर्थात घाईला किंमत आहे. पाटी सोडून पाऊल पुढे गेलं की त्या खेळाडूला मागे वळून खो देता येत नाही. थाप आणि ‘खो’चा आवाज जुळला नाही, बसलेला खेळाडू आधीच उठला, तर फाऊल. शिट्टी वाजते, आक्रमणाला उलट दिशा घ्यावी लागते, आणि तेवढ्यात गडी श्वास घेऊन मोकळा. पंचवीस सेकंदाला एक गडी टिपणाऱ्या संघाला दोन फाऊल म्हणजे एखादा गडी गेलाच समजा. म्हणूनच वेगवान संघांचा सराव कंटाळवाणा असतो. उठ, दोन पावलं, खो, बस. पुन्हा तेच. पाहायला गेलात तर दहा मिनिटांत मोबाइल काढाल.

अमेरिकेत हेच आधी घडलं

ही कल्पना फक्त आपली नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल नावाचं प्रचंड मोठं प्रकरण आहे. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तर हातात चेंडू घेऊन रेटारेटी करत पुढे सरकायचा त्यांचा खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, खेळाडू घोळका करून पुढची चाल ठरवतात आणि मग रांगेत उभे राहतात. पुढची चाल सुरू करायला २००८ पासून साधारण चाळीस सेकंद मिळतात. पूर्वी संघ हा सगळा वेळ वापरायचे. चालींची जाडजूड वही असायची, पोरं ती परीक्षेसारखी पाठ करायची.

मग काही प्रशिक्षकांनी वही फाडली. टेक्सस टेक विद्यापीठाचे माइक लीच मूठभर चाली घेऊन वर्षभर त्याच घोटून घेत. ओरेगन विद्यापीठाचे चिप केली यांनी २००९ ते २०१२ या चार हंगामांत घोळकाच बंद केला. मैदानाच्या कडेला मोठमोठ्या पाट्या धरायच्या, त्यांवर नटाचं, प्राण्याचं, कसलंही चित्र. खेळाडू एक नजर टाकतो, चाल कळते, खेळ सुरू. समोरच्या संघाला दमलेला खेळाडू बदलायलाही उसंत नाही. केलींच्या काळात ओरेगनने ५३ पैकी ४६ सामने जिंकले.

आपल्या ‘खो’सारखीच ती पाटी. मोठा विचार आधी करून ठेवायचा, मैदानात फक्त त्याचं छोटं नाव वापरायचं.

गंमत पुढे आहे. या वेगाला विरोधही झाला. २०१४ मध्ये नियम समितीपुढे प्रस्ताव आला की, पहिली दहा सेकंदं चाल सुरूच करायची नाही, म्हणजे बचाव करणाऱ्यांना खेळाडू बदलता येतील. अलाबामाचे निक सेबन यांच्यासारखे मोठे प्रशिक्षक वेगाविरुद्ध होते. वेगवाल्यांनी आरडाओरडा केला आणि महिनाभरात तो प्रस्ताव बासनात गेला.

वजीर, ड्रीम रन आणि एक गुणाचा अंतिम सामना

आपल्याकडे वेगाला नियमांनीच बोलावलं. १४ ऑगस्ट २०२२ ला पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. नऊऐवजी सात खेळाडू, नऊ मिनिटांऐवजी सात मिनिटं, अशा चार पाळ्या. मातीऐवजी मॅट. गड्याला दोन गुण, सूर मारून टिपला तर तीन. आणि ‘वजीर’: एक असा आक्रमक, ज्याला मागे वळायची परवानगी. पॉवरप्लेमध्ये असे दोन.

वजीर आला तेव्हा जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. खो-खोचा आत्माच मागे न वळण्यात आहे, मग हे काय? मला तो आक्षेप भावनेपुरता पटतो. पण वेगाच्या हिशेबात पाहिलं तर वजीराने खेळ गुंतागुंतीचा केला तो फक्त एका माणसापुरता. बाकी सहा जणांचं काम आहे तेवढंच सोपं राहिलं, किंबहुना आणखी सोपं झालं: वजीराला गड्याच्या जवळ पोहोचवा. निर्णय एकाच्या डोक्यात, बाकीच्यांचे पाय मोकळे.

समतोल साधायला संरक्षकांना ‘ड्रीम रन’ दिला. तुकडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त तगली की तिलाही गुण. विश्वचषकाच्या महिला अंतिम सामन्यात शेवटच्या पाळीत भारत ७३ वरून ७८ वर गेला तो चैत्रा बी. हिच्या तुकडीच्या ड्रीम रनमुळेच. म्हणजे पळतीची कला मेली नाही, पण तिचा भाव बदलला. पूर्वी मिनिटं काढणं हाच विजय होता. आता मिनिटं काढून किरकोळ गुण मिळतात आणि ठोक गुण टिपणाऱ्याकडे जातात.

नव्या खेळाचा सगळ्यात चांगला नमुना हवा असेल तर ४ सप्टेंबर २०२२ चा लीगचा पहिला अंतिम सामना शोधा. ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. शेवटच्या दोन मिनिटांत ओडिशा ४३-४५ असा मागे. सूरज लांडेने आकाशीय सूर मारून गडी टिपला, तीन गुण, ४६-४५. संपला सामना. जुन्या नियमांत तो एक गडी एका गुणाचा होता.

पिंपळगावच्या मैदानावर याचा अर्थ काय?

पिंपळगाव बसवंतच्या वाचकाला वेग आणि सोपेपणाचं नातं खरं तर वेगळं समजवायला नको. टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीत उभे राहा. वाहनांची रांग महामार्गाकडे लागलेली, आणि तरी एकेका गाडीचा लिलाव बघता बघता होतो. का? कारण माप ठरलेलं आहे, वीस किलोचा क्रेट. बोली एकाच आकड्याची. मालाची प्रत व्यापाऱ्याने आधीच डोळ्याने जोखलेली. प्रत्येक गाडीपाशी नव्याने वाटाघाट झाली असती, तर संध्याकाळी माल तिथेच सडला असता.

पण खो-खोच्या मैदानावर इथल्या पोरांपुढे खरी अडचण आहे. ती एकाच वेळी दोन खेळ शिकतायत. गावातल्या शाळेत, पुढे काकासाहेब वाघ महाविद्यालयात आणि तिथून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागीय, आंतरविभागीय स्पर्धांत जायचं, तर माती, नऊ खेळाडू, नऊ मिनिटं. राज्य संघटनेच्या स्पर्धांतही हाच खेळ. तिथे संयम लागतो, दम पुरवून वापरावा लागतो. आणि टीव्हीवर जो खेळ दिसतो, ज्यात पैसा आहे, तो सात जणांचा, सात मिनिटांचा, मॅटवरचा. एकात मुरलेला संरक्षक दुसऱ्यात कमी भावाने विकला जातो.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू. विश्वचषकानंतर महाराष्ट्र सरकारने विजेत्या संघांतल्या आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. दोन्ही कर्णधार आपलेच होते: पुण्याचा प्रतीक वाईकर आणि बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे. कर्नाटकने आपल्या दोघांना, एम. के. गौतम आणि चैत्रा बी. यांना, पाच-पाच लाख जाहीर केले. महाराष्ट्राचा आकडा दाखवून दोघांनीही ते बक्षीस नाकारलं. त्याशिवाय आपल्याकडे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ज्या घरात द्राक्षाची बाग एका गारपिटीत जाते, तिथे हे आकडे फक्त क्रीडा पानावर वाचले जात नाहीत.

सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप विश्वचषकात आकाशीय सूर मारताना देशाने पाहिला. ती क्लिप पाहिलेला प्रत्येक पोरगा दुसऱ्या दिवशी मैदानावर सूर मारतो. मॅटवर तो सूर घसरून शोषला जातो. मुरुमाच्या मैदानावर कोपर, गुडघा आणि हनुवटी सोलून निघते. चांगले शिक्षक म्हणून सूर मारायचा सराव आधी वाळूत किंवा जुन्या गाद्यांवर घेतात. ज्यांच्याकडे तेही नाही, ते काही दिवस सूर बंद ठेवतात आणि उठ-खो-बस एवढंच घोटून घेतात. माझ्या मते हा तोटा वाटतो तेवढा मोठा नाही. सूर हा आक्रमणातला शेवटचा अर्धा सेकंद. त्याआधीचे चार-पाच खो जुळले नाहीत तर सूर मारायला गडी समोर असतच नाही. आणि ते चार-पाच खो मातीवर आणि मॅटवर अगदी सारखेच असतात. त्यांना पैसे लागत नाहीत, फक्त आठ जणांनी रोज वेळेवर यावं लागतं. परीक्षेच्या आणि बागेच्या दिवसांत तेच अवघड.

पुढचा सामना पाहाल तेव्हा, मोबाइलवर असो की शाळेच्या बांधावर बसून, गडी कोण टिपतंय हे क्षणभर सोडा. एका गड्यामागे किती खो झाले ते मोजा. मग दोन खोंमधलं अंतर स्टॉपवॉच लावून बघा. जो संघ एक-दीड सेकंदाला खो देतोय, आणि शिट्टी वाजू देत नाही, त्याच्या पाटीवर बसलेल्या पोरांचे चवडे पाहा. ते आधीच वळलेले दिसतील.